प्रकाशमापन पद्धती व उद्भासन-भरपाई (फिल्म छायाचित्रण)

कॅमेऱ्यातील परावर्तित-प्रकाशमापक समोरचे दृश्य सरासरी मध्यम करड्या छटेचे आहे असे धरून आकडा देतो. त्यामुळे पांढरी वस्तू फिल्मवर मळकट येते, काळी फिकट पडते. हा फरक हाताने भरून काढणे म्हणजे उद्भासन-भरपाई (एक्सपोजर कॉम्पेन्सेशन). एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा.

ही मध्यम छटा नेमकी किती, यावर एकमत नाही. १८ टक्के परावर्तन हा आकडा कोडॅकच्या करड्या कार्डामुळे रूढ झाला. त्याचे मूळ मुद्रणव्यवसायात असावे, असे मानले जाते. प्रकाशमापकांसाठीच्या आयएसओ २७२० (१९७४) या मानकात मात्र टक्केवारी नसून के हा स्थिरांक आहे; मापलेल्या उजेडाला किती उद्भासन सुचवायचे, ते तो ठरवतो. निकॉन, कॅनन व सेकॉनिक १२.५, तर पेंटॅक्स व मिनोल्टा १४ मूल्य धरत आले. फरक सुमारे एकषष्ठांश स्टॉप. आपाती (वस्तूवर पडणाऱ्या) प्रकाशाच्या मापकातील सपाट ग्राहकासाठीचा स्थिरांक २५० धरल्यास के १२.५ ला सुमारे १६ टक्के परावर्तन येते. अर्धगोल ग्राहकासाठीचा मोठा स्थिरांक घेतल्यास ते १२ टक्क्यांच्या आसपास उतरते. ‘१२ की १८’ हा वाद बराचसा या निवडीचा आहे. त्यातला अंतिम फरक अर्ध्या स्टॉपाचाच असल्याने निगेटिव्हवर तो सहसा जाणवत नाही, स्लाइडवर जाणवतो.

भिंगातून मापन १९६३ च्या टॉपकॉन आरई सुपर या कॅमेऱ्यापासून आले. केंद्रभारित पद्धतीत निकॉन एफएम२ मध्यवर्ती १२ मिमी वर्तुळाला ६० टक्के वजन देतो. १९८३ च्या निकॉन एफएने चौकटीचे भाग पाडून मोजणारी बहुखंडी पद्धत आणली. ती स्वतःच काही भरपाई करते, त्यामुळे सवयीने वरून दिलेली भरपाई दुप्पट होण्याचा धोका असतो. चौकटीतला छोटा ठिपकाच मोजणारे बिंदुमापन सर्वांत अचूक, पण बिंदू कुठे ठेवायचा हे कळले तरच.

मराठवाड्यात याची दोन टोके जवळजवळ आहेत. छत्रपती संभाजीनगरचा पांढरा बीबी का मकबरा चौकट भरून घेतल्यास +१ ते +१½ स्टॉप द्यावे लागतात. स्लाइडवर +१ च्या पुढे नक्षी पुसली जाण्याची शक्यता. वेरूळचा बेसाल्ट चौकट भरतो तेव्हा स्लाइडसाठी बहुधा −½ ते −१ योग्य. निगेटिव्हवर वजा भरपाई न देणेच बरे, कारण सावलीतील तपशील एकदा गेला की प्रिंटमध्ये परत येत नाही. कैलास लेण्याच्या अंगणातून वर पाहताना आकाशाची पट्टी केंद्रभारित मापकाला फसवते. कॅमेरा खाली झुकवून दगडावर वाचन घ्यावे, ते कुलूपबंद करून मग चौकट बांधावी. वेरूळची लेणी पश्चिमाभिमुख आहेत, म्हणून दर्शनी भागावर ऊन दुपारनंतर येते आणि सकाळचे वाचन तेव्हा चालत नाही. काळ्या रानात पांढरा फेटा बांधलेल्या शेतकऱ्याचे वाचन चेहऱ्यावर घ्यावे.

भरपाईची चकती नसलेल्या कॅमेऱ्यात १०० आयएसओचा रोल असताना फिल्मच्या वेगाची चकती ५० वर लावल्यास +१ मिळतो. रोल बदलताना ही चकती परत न आणणे ही नेहमीची चूक. जुन्या कॅमेऱ्यांत १.३५ व्होल्टच्या पारायुक्त सेलऐवजी १.५ व्होल्टचा अल्कलाइन सेल घातला, तर मापक बहुधा कमी उद्भासन सुचवतो; पेंटॅक्स स्पॉटमॅटिक मात्र व्होल्टेज बदलले तरी वाचन टिकवणाऱ्या ब्रिज मंडलामुळे (सर्किटमुळे) याला अपवाद आहे. श्रवणयंत्राचा ६७५ क्रमांकाचा झिंक-एअर सेल जवळचा पर्याय ठरतो. कॅमेरा स्टँडवर असून पाहण्याच्या खिडकीला (नेत्रकाचेला) डोळा लावलेला नसताना मागून शिरणारा उजेडही वाचन वाढवतो.

अजिंठ्यात फ्लॅशला मनाई असल्याने उद्भासन लांबते आणि व्युत्क्रम-दोष (लांब उद्भासनात फिल्मची संवेदनशीलता घटणे) भरपाईत मिळवावा लागतो. कोडॅकच्या तक्त्यानुसार ट्राय-एक्स ४०० या कृष्णधवल फिल्मला मापकाने सांगितलेल्या १ सेकंदाऐवजी २, तर १० ऐवजी ५० सेकंद द्यावे लागतात.