बाळ नमस्कार करतंय असं वाटतं तेव्हा

सहा महिन्यांचं बाळ झोपेतून उठतं. मान एकदम पुढे झुकते, दोन्ही हात फाकतात, पाय पोटाशी येतात. एक-दोन सेकंदांत सगळं संपतं आणि थोड्या वेळाने पुन्हा तेच, ओळीने दहा-वीस वेळा. आजी म्हणते दचकलं असेल, शेजारीण म्हणते पोटात कळ आली, आणि बेंबीभोवती हिंगाचं पाणी लागतं. फिट म्हणजे हातपाय झाडणं, तोंडाला फेस, एवढंच आपल्याला माहीत. इथे त्यातलं काहीच नसतं. म्हणून ही फिटच आहे, हे कळेपर्यंत अनेक घरांत आठवडे, कधी महिने निघून जातात.

या आजाराला वेस्ट सिंड्रोम म्हणतात. इंग्लंडमधल्या टनब्रिज गावचे डॉक्टर विल्यम जेम्स वेस्ट यांच्या स्वतःच्या मुलाला चौथ्या महिन्यापासून असे झटके येऊ लागले. जळवा लावल्या, हिरड्यांना चिरा दिल्या, अफूही देऊन पाहिली. गुण आला नाही. अखेर १८४१ मध्ये त्यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाला पत्र लिहून इतर डॉक्टरांना उपाय विचारला. मूल हसत नाही, कशाकडे लक्ष देत नाही, असं त्यांनी लिहिलं होतं. पुढे झुकण्यामुळे या झटक्यांना तेव्हा ‘सलाम’ म्हणत. आजाराचं पहिलं वर्णन एका बापाने केलेलं आहे, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

मेंदूचा आलेख, म्हणजे ईईजी, काढला की बहुतेकदा दोन झटक्यांच्या मधल्या वेळातही उंच, बेताल लाटांचा गोंधळ दिसतो. मेंदू भराभर शिकण्याच्या वयात हा गोंधळ चालू राहतो, म्हणून आईकडे बघून हसणारं, मान धरलेलं बाळ हळूहळू मागे जाऊ लागतं. आपल्याकडे जन्मताना गुदमरणं आणि पहिल्या दिवसांत रक्तातली साखर उतरणं ही मोठी कारणं आहेत. काही बाळांत जनुकातला दोष असतो. लसींचे डोस नेमके याच वयात येत असल्याने दोष लसीवर जातो, पण लसीमुळे हा आजार होत नाही.

उपचार आहेत: एसीटीएच या संप्रेरकाची इंजेक्शनं, प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड, व्हिगाबॅट्रिन हे फिटचं औषध. ते जितके लवकर सुरू होतील तितकी बाळाच्या वाढीची आशा जास्त. एसीटीएच किंवा स्टेरॉइड चालू असताना रक्तदाब आणि जंतुसंसर्गावर लक्ष लागतं, व्हिगाबॅट्रिनमध्ये नजरेवर. औषध मनाने बंद करू नये.

तपासणीच्या खोलीत बाळ नेमकं शांत असतं. त्यामुळे झटके येत असताना मोबाइलवर व्हिडिओ काढा आणि पुढच्या लसीच्या तारखेची वाट न पाहता तो लगेच बालरोगतज्ज्ञांना दाखवा. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रापर्यंत, म्हणजे वाढीत मागे पडणाऱ्या मुलांना लवकर मदत देणाऱ्या केंद्रापर्यंत, पोहोचता येतं. अंगणवाडीताई आणि आशाताईंनी हे झटके व्हिडिओवर एकदा जरी पाहिले, तरी गावातलं बाळ लवकर सापडेल.

नातेवाइकांनी ‘गरोदरपणी काय खाल्लंस’ हा प्रश्न त्या आईला विचारू नये. ती रात्र-रात्र जागून झटके मोजत असते, वहीत वेळ लिहीत असते. ती वही दुपारी दोन तास आपल्या हातात घ्यावी, झटके आपण मोजावेत आणि तिला झोपू द्यावं.