इंग्रजी कुरबुरींची कुळकथा

किरकोळ भांडणं आणि बारीकसारीक तक्रारी यांसाठी इंग्रजीत शब्दांची ददात नाही. बिकर, क्विबल, कॅव्हिल, ग्राइप, ग्राउस, व्हिंज... यादी लांबतच जाते. ऐकायला सगळे हलकेफुलके, पण मूळ शोधायला गेलं की बहुतेकांच्या मागे काहीतरी जड निघतं: लढाई, कोर्टकचेरी, पोटशूळ, लष्करी बराक.

‘बिकर’चंच बघा. नवराबायकोची सकाळची तूतू-मैंमैं किंवा भावंडांची रिमोटवरून चाललेली बाचाबाची म्हणजे आज बिकरिंग. मध्ययुगीन इंग्रजीत मात्र हा शब्द चकमकीसाठी होता, हत्यारं चालवून केलेल्या. पुढे तो तोंडी भांडणावर आला. स्कॉटलंडमध्ये तरीही जुना अर्थ बराच काळ तग धरून होता. एडिंबरात पोरांच्या टोळ्यांमधल्या दगडफेकीला बिकरच म्हणत. सर वॉल्टर स्कॉटने १८२९ साली आपल्या कादंबऱ्यांच्या नव्या आवृत्तीला जोडलेल्या मजकुरात लहानपणच्या अशा एका बिकरची हकिगत दिली आहे. एका बाजूला जॉर्ज स्क्वेअरमधली खात्यापित्या घरची मुलं, दुसऱ्या बाजूला क्रॉसकॉजवे भागातली गरीब पोरं. त्यांच्या म्होरक्याचं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. त्याच्या हिरव्या तुमानीवरून त्याला ‘ग्रीन-ब्रीक्स’ म्हणत. एका झटापटीत स्कॉटच्या टोळीतल्या एकाने त्याच्या डोक्यात शिकारीचा लांब सुरा घातला. रक्त बघून दोन्हीकडची पोरं पळाली आणि सुरा चरात फेकला गेला. ग्रीन-ब्रीक्स वाचला, पण वार कुणी केला हे त्याने अखेरपर्यंत सांगितलं नाही. श्रीमंत पोरांनी वर्गणी काढून पैसे पाठवले, तेव्हा ‘मी माझं रक्त विकत नाही’ म्हणून त्याने ते परत केले. फार गळ घातल्यावर घरातल्या म्हातारीसाठी पौंडभर तपकीर तेवढी घेतली. टेनिसनच्या ‘द ब्रुक’ या १८५५च्या कवितेत तोच शब्द ओढ्याच्या खळखळाटासाठी आला आहे. शाळेत ती पाठ केलेल्या कितीजणांना त्या ओढ्यामागची मारामारी माहीत असेल!

‘क्विबल’ कोर्टातून आला असावा. जुन्या कायदेशीर दस्तऐवजांत ‘क्विबस’ हा लॅटिन शब्द पदोपदी येई, आणि मुद्दा सोडून शब्दांचा कीस काढण्याला त्यावरूनच नाव पडलं, असा कोशकारांचा अंदाज आहे. सतराव्या शतकात क्विबलचा आणखी एक अर्थ होता, शाब्दिक कोटी. डॉ. जॉन्सनने १७६५ साली शेक्सपिअरवर लिहिताना म्हटलं, की कोटी ही या माणसाची क्लिओपात्रा होती. तिच्यापायी त्याने जग घालवलं आणि तेही खुशीने. शेक्सपिअरच्याच नाटकात हॉट्स्पर नावाचा सरदार बंडानंतरच्या वाटणीचा नकाशा बघतो, नदीच्या वळणामुळे आपला तुकडा कमी भरतो म्हणून अडून बसतो आणि सांगतो, सौद्याची गोष्ट असेल तर मी केसाच्या नवव्या भागासाठीही हुज्जत घालेन. तिथे शब्द येतो ‘कॅव्हिल’. राज्य अजून हाती आलेलं नाही, हे वेगळं सांगायला नको.

कोर्टाचा संबंध एवढ्यावर थांबत नाही. ‘कॉमन स्कोल्ड’ म्हणजे शेजाऱ्यापाजाऱ्यांशी सतत भांडणारी व्यक्ती, आणि इंग्लंडच्या कायद्यात तो चक्क गुन्हा होता. कायदेपंडित ब्लॅकस्टोनने १७६९ साली साफ लिहिलं, की कायद्याच्या लॅटिनमध्ये हा शब्द स्त्रीलिंगीच आहे. म्हणजे पुरुष कितीही भांडकुदळ असला तरी या कलमाखाली सापडायचा नाही. शिक्षा अशी, की लांब दांड्याच्या टोकाला बसवलेल्या खुर्चीत बाईला बांधायचं आणि नदीत किंवा तळ्यात बुचकळायचं. लेमिन्स्टर गावात १८०९ साली एका बाईला अशी शिक्षा झाली. खुर्चीतून सोडवल्यावर तिने पहिल्यांदा काय केलं, तर मॅजिस्ट्रेटांना शिव्या हासडल्या. १८१७ साली दुसऱ्या एकीची खुर्चीतून धिंड निघाली, पण पाणी आटलं होतं म्हणून ती वाचली. ती खुर्ची आजही तिथल्या चर्चमध्ये ठेवलेली आहे. अमेरिकेत १८२९ साली अ‍ॅन रॉयल या साठीच्या पत्रकार बाईंवर हाच आरोप शाबीत झाला. वॉशिंग्टनच्या नौदल गोदीत खुर्ची तयारसुद्धा झाली होती, पण कोर्टाने दहा डॉलर दंडावर भागवलं. इंग्लंडमधून हा गुन्हा रद्द व्हायला १९६७ साल उजाडलं.

‘ग्राइप’ आपल्याला बाळाच्या बाटलीवरून ओळखीचा. मूळ अर्थ मुठीत आवळणं, त्यावरून पोटातली कळ, आणि तीच कळ शमवायला नॉटिंगहॅमच्या विल्यम वुडवर्डने १८५१ साली ग्राइप वॉटर काढलं. त्यात शेपूचं तेल आणि खाण्याचा सोडा असे, शिवाय थोडी दारूही. बाळ गप्प का व्हायचं, याचं उत्तर त्या शेवटच्या घटकात नसेल कशावरून? तक्रार करणं हा अर्थ मात्र विसाव्या शतकातल्या अमेरिकन बोलीतून आला. ‘निटपिक’ही तिकडचाच आणि साधारण तेवढाच अलीकडचा, निट म्हणजे लीख, पुढचं सांगायला नको. ‘क्वेच’ न्यूयॉर्कच्या ज्यू वस्त्यांतल्या यिडिशमधून आला. ‘ग्राउस’ ब्रिटिश फौजेच्या बोलीतला, आणि मुंबईत जन्मलेल्या लेखक किपलिंगने आपल्या लिखाणातल्या गोऱ्या शिपायांच्या तोंडी तो घातला आहे.

‘व्हिंज’ खूप जुना, अँग्लो-सॅक्सन काळापासूनचा. पण जगभर गाजला तो ऑस्ट्रेलियामुळे. दुसऱ्या महायुद्धानंतर त्या देशाने ब्रिटनमधून माणसं बोलावली. प्रौढांना जहाजाचं भाडं फक्त दहा पौंड, मुलांना फुकट. अट एकच, दोन वर्षं राहायचं. आधी परतलात तर भाडं भरा. लाखो लोक गेले. अनेकांच्या वाट्याला पत्र्याच्या छपराखालची वसतिगृहं आली, उन्हाळा आणि माश्या तर होत्याच. त्यांची कुरकुर ऐकून स्थानिकांनी नाव ठेवलं ‘व्हिंजिंग पॉम’, पॉम म्हणजे तिकडच्या बोलीत इंग्रज माणूस. जवळपास चौथाई लोक मायदेशी परतले. तिथला पाऊस आणि थंडी बघून त्यांतले बरेच पुन्हा ऑस्ट्रेलियाचं जहाज धरून आले, आणि त्यांनाही एक नाव मिळालं: ‘बूमरँग पॉम’.