रात्री अंथरूण ओलं होतं? वॉटरप्रूफ पँट घेण्याआधी एवढं वाचा

मोठ्या माणसांच्या वॉटरप्रूफ पँट आम्ही विकतो, त्यामुळे आम्ही पँटचं कौतुकच करणार असं तुम्हाला वाटणं साहजिक आहे. पण आमच्याकडे ज्या तक्रारी येतात त्यातल्या बहुतेक पँट खराब निघाली म्हणून नसतात, माप चुकलेलं असतं किंवा आत घातलेलं पॅड रात्रभराला पुरणारं नसतं, आणि मग लोक पहिल्यापेक्षा जाड, पहिल्यापेक्षा घट्ट पँट मागवतात, ती पण गळते, वर उकडतं ते वेगळंच. म्हणून हे लिहून ठेवलंय. वाचा, आणि मगच ऑर्डर द्या, नाही दिली तरी चालेल.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. वॉटरप्रूफ पँट लघवी अडवते, शोषत नाही. शोषायचं काम आतल्या पॅडचं, कापडी लंगोटाचं किंवा डायपरचं. नुसती पँट घालून झोपलात तर लघवी आत साचून राहते आणि कूस बदलली की मांडीपाशी जिथे फट मिळेल तिथून बाहेर, मग ती पँट कितीही भारी असो. बाजारात आतून पॅड शिवलेल्या चड्ड्या पण मिळतात, दिसायला एकदम साध्या चड्डीसारख्या, पण त्यातल्या बऱ्याचशा थेंब थेंब गळणाऱ्यांसाठी असतात. झोपेत पूर्ण लघवी होत असेल तर त्या पुरत नाहीत.

पूर्ण लघवी म्हणजे किती? मोठ्या माणसाच्या मूत्राशयात साधारण ३०० ते ५०० मिली मावते, आणि झोपेत होते तेव्हा ती बऱ्याचदा सगळीच्या सगळी होते, काहींना रात्रीत दोनदा. आता पॅडच्या पाकिटावर लिहिलेला आकडा बघाल तर तो भला मोठा असतो, कारण तो बहुतेक वेळा आयएसओ ११९४८-१ नावाच्या टेस्टचा असतो, त्यात अख्खं पॅड पाण्यात बुडवून किती पाणी धरतं ते मोजतात. अंगावर असताना तसं होत नाही. लघवी एकाच जागी, जोरात येते, वरून शरीराचं वजन पडतं, पॅडचा अर्धा भाग कोरडाच राहतो आणि कडेने गळायला लागतं. म्हणून पाकिटावरचा आकडा तुमच्या गरजेच्या जेमतेम एवढा असेल तर ते पॅड रात्रीसाठी घेऊ नका, चांगला दुपटीच्या वरचा बघा.

तुमची गरज किती हे घरीच कळतं. कोरडं पॅड वजनकाट्यावर ठेवून वजन लिहून ठेवा, सकाळी ओलं पॅड पिशवीत घालून परत वजन करा, जेवढे ग्रॅम वाढले तेवढे मिली धरा, साधारण बरोबर येतं. एकाच रात्रीवर जाऊ नका, काही रात्री करा आणि सगळ्यात जास्त आलेला आकडा धरा. हीच वही डॉक्टरांकडे पण कामाला येते, त्यांना "खूप होते" यापेक्षा "४५० मिली" जास्त उपयोगाचं असतं.

डॉक्टरांचा विषय निघालाच आहे तर तो इथेच संपवतो. मोठेपणी अंथरूण ओलं होणं तुम्हाला वाटतं तितकं दुर्मिळ नाही, साधारण शंभरात एक-दोन मोठ्या माणसांना हा त्रास असतो, फक्त कोणी बोलत नाही. काहींना लहानपणापासून असतो, घराण्यात पण असतो, रात्री लघवी कमी बनवणारं हार्मोन कमी पडतं किंवा मूत्राशय भरल्याचा इशारा झोपेतून उठवत नाही. पण आतापर्यंत कधी नव्हतं आणि आता सुरू झालं असेल तर नुसती पँट घेऊन गप्प बसू नका. डायबेटिस, लघवीचं इन्फेक्शन, पुरुषांमध्ये वाढलेलं प्रोस्टेट, मोठ्याने घोरणं आणि झोपेत श्वास अडकणं, जुनाट बद्धकोष्ठता, झोपेच्या किंवा मानसिक आजाराच्या काही गोळ्या, रात्रीची दारू, यातलं काहीही मागे असू शकतं आणि यातल्या बऱ्याच गोष्टींवर उपाय आहे. लघवीत रक्त, जळजळ, ताप, खूप तहान, वजन उतरणं, यातलं काही असेल तर लवकर दाखवा. पाय बधिर किंवा कमजोर वाटत असतील, किंवा लघवी अडल्यासारखी होऊन पोट तटतटलं असेल तर त्याच दिवशी जा. आणि लघवी होऊ नये म्हणून दिवसभर पाणीच पिणं बंद करू नका, त्याने लघवी घट्ट होते आणि मूत्राशय जास्तच चिडतं. झोपायच्या आधीचे दोन तास कमी प्या, चहा-कॉफी संध्याकाळनंतर टाळा, एवढं पुरे.

माप कसं घ्यायचं

पँट ट्राउझरच्या साइजवरून मागवू नका, एल म्हणजे प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं. कापडी टेप घ्या आणि तीन मापं घ्या: कंबर बेंबीपाशी, सीट जिथे सगळ्यात रुंद आहे तिथे, आणि मांडी अगदी वर, जांघेला लागून. महत्त्वाची गोष्ट म्हणजे ही मापं रात्री जे पॅड किंवा लंगोट घालता ते घालून घ्या, कारण जाड कापडी लंगोटाने सीटचं माप चांगलंच वाढतं आणि नेमकं तेच लोक विसरतात. दोन साइजच्या मध्ये अडकलात तर सीटच्या मापाने मोठी घ्या, पण मांड्या बारीक असतील तर आधी आम्हाला विचारा, कारण कंबर एक वेळ थोडी ढिली चालते, मांडी ढिली अजिबात चालत नाही.

मांडीचं इलॅस्टिक हीच खरी जागा. घातल्यावर इलॅस्टिकखाली दोन बोटं सहज जायला हवीत, पण खाली उकिडवं बसलात किंवा गुडघे पोटाशी घेतलेत तर फट पडायला नको. सकाळी हलका वळ दिसला आणि थोड्या वेळात गेला तर ठीक, लाल खोल वळ राहिला, कातडी चुरचुरली तर पँट लहान आहे. बारीक दोरीसारखं इलॅस्टिक रुततं, कापडात गुंडाळलेलं रुंद इलॅस्टिक रात्रभर बरं पडतं, म्हाताऱ्या माणसांची त्वचा पातळ असते त्यांना तर तेच घ्या. बिकिनी कट दिसायला छान असतो पण रात्रीसाठी आम्ही नको म्हणूनच सांगतो. कंबर उंच हवी, आणि मधोमध, म्हणजे दोन पायांच्या मध्ये, शिवण नसलेली पँट हवी. सुईच्या भोकातून पाणी येतं, दाबाखाली तर नक्कीच.

चढवायची पँट की बाजूला बटणांची? स्वतः उभं राहून घालत असाल तर चढवायची, तिला बाजूने फट नसते. अंथरुणावर पडून असलेल्या माणसाला कोणी दुसरं घालत असेल तर टिचबटणांची, पाय उचलून ओढाताण करावी लागत नाही. वेलक्रो धुवून धुवून त्यात दोरे अडकतात आणि रात्री कुशीला टोचतं, आम्ही ठेवत नाही.

कापड कुठलं घ्यायचं

पीव्हीसी म्हणजे साधं प्लॅस्टिक, स्वस्त, पाण्याला पक्कं, पण हवा जात नाही, कूस बदलली की चुरचुर आवाज येतो, आणि काही महिन्यांनी कडक होऊन घडीवर चिरतं, थंडीत लवकर. रबराची पँट मऊ असते, आवाज नाही, अंगाबरोबर ताणते, पण वास येतो, लेटेक्सची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनी हात पण लावू नये, आणि व्हॅसलिन किंवा तेलकट क्रीम लागलं की रबर खराब होतं.

पीयूएल हा तिसरा प्रकार. यात विणलेल्या पॉलिएस्टर कापडाला आतून पॉलियुरेथेनचा पातळ थर चिकटवलेला असतो, पाणी अडतं पण वाफ थोडी थोडी बाहेर जाते, आवाज जवळजवळ नाही, मशीनमध्ये धुता येतं. पहिल्यांदाच घेत असाल तर हेच घ्या असं आमचं मत आहे, महाग पडतं तरी. त्यात पण "हवा खेळती राहते" असं कोणी सांगितलं तर अर्धंच खरं माना, पाणी अडवणारी कुठलीही गोष्ट थोडी गरम होणारच. जास्त घाम येणाऱ्यांनी पँटच्या आत कापडी लंगोट कातडीला लागेल असा ठेवावा, प्लॅस्टिक थेट अंगाला लागू देऊ नये. रंगाबद्दल सगळे गडद मागतात, आम्हाला फिकट रंग बरा वाटतो कारण कुठून गळलं ते सकाळी लगेच दिसतं.

तरीही गळतंय?

आधी आरशात बघा, पॅडची किंवा लंगोटाची एखादी कड पँटच्या बाहेर डोकावतेय का. बहुतेक वेळा हेच असतं. दिव्याची वात तेल ओढते तसं ते बाहेर राहिलेलं बोटभर कापड रात्रभर लघवी ओढून चादरीवर आणतं आणि दोष येतो पँटवर. झोपायच्या आधी मांडीभोवती आणि कंबरेभोवती बोट फिरवून सगळं आत सारायचं, आत टी-शर्ट खोचलेला असेल तर तो पण बाहेर काढायचा.

मग तुम्ही झोपता कसे ते बघा. कुशीवर झोपणाऱ्यांचं खालच्या बाजूच्या मांडीतून गळतं, त्यांना पॅड रुंद लागतं, लांब नाही. पालथं झोपणाऱ्यांचं पुढून कंबरेतून येतं, म्हणून पॅड पुढे सरकवून लावा. उताणं झोपणाऱ्यांचं मागे जातं, बायकांचं तर जास्तच, त्यांचं पॅड मागे घ्या. पुरुषांनी पॅड लावताना लिंग खालच्या दिशेला ठेवावं, वर राहिलं तर सगळी धार कंबरेच्या इलॅस्टिकवर जाते आणि पॅड कोरडंच राहतं. हे कोणी सांगत नाही कारण सांगायला लाज वाटते, पण एवढ्यानेच बऱ्याच जणांचं गळणं थांबतं.

शोषायला कमी पडतंय असं वाटलं तर आत अजून एक बूस्टर पॅड टाकता येतं, पण ते खालून प्लॅस्टिक नसलेलं पाहिजे, म्हणजे भरल्यावर लघवी खालच्या पॅडमध्ये उतरेल. प्लॅस्टिकवालं पॅड दुसऱ्या पॅडवर ठेवलंत तर वरचं भरून कडेने वाहतं आणि खालचं कोरडं. गादीवर वॉटरप्रूफ कव्हर टाका. पँट कितीही चांगली असली तरी टाकाच, मनात धाकधूक नसली की झोप लागते.

त्वचा आणि धुणं

लघवी बराच वेळ कातडीवर राहिली की कातडी मऊ पडते, त्यातल्या युरियाचा बॅक्टेरिया अमोनिया करतात आणि मग लाली, जळजळ, रॅश. उठल्या उठल्या पँट काढा, कोमट पाण्याने सौम्य साबण लावून धुवा, घासू नका, टिपून कोरडं करा आणि थोडा वेळ मोकळं राहा. रात्री झिंक ऑक्साइडचं क्रीम लावत असाल तर पातळ थर द्या, थापलं तर ते पॅडवर बसून शोषणं बंद करतं. जांघेत लाल चट्टा, त्याच्या कडेला बारीक पुळ्या आणि खाज असेल तर बहुधा बुरशी आहे, त्यावर रॅशचं क्रीम चालत नाही, औषध विचारून घ्या.

पँट आधी गार पाण्यातून काढा, गरम नाही, मग ४० डिग्रीपर्यंत साध्या डिटर्जंटने धुवा. ब्लीच नको, फॅब्रिक सॉफ्टनर तर नकोच नको, तो कापडी लंगोटावर थर धरतो आणि लंगोट पाणी प्यायचा बंद होतो. पीव्हीसी आणि रबर हातानेच धुवा, पिळू नका, सावलीत वाळवा, इस्त्रीच्या जवळ नेऊ नका. रबराची पँट घडी घालून ठेवताना थोडी पावडर भुरभुरा नाहीतर चिकटते. ओल्या पँट बंद पिशवीत दोन दिवस ठेवून मग धुवायच्या ही सवय सोडा, वास बसला की जात नाही.

पँट संपली हे कसं ओळखायचं? कंबर आणि दोन्ही पायांची तोंडं वर धरून मधल्या खोलगट भागात तांब्याभर पाणी ओता आणि जरा थांबा, खालून थेंब आले तर संपली. पीयूएलमध्ये आतला थर फुगलेला किंवा सुटलेला दिसला तरी तेच. इलॅस्टिक ओढून सोडल्यावर आळसावल्यासारखं परत आलं तर गळायची वाट बघू नका.

निदान तीन पँट लागतात: एक अंगावर, एक धुण्यात, एक कोरडी. पण पहिल्यांदा एकच मागवा. सुट्टीच्या आदल्या रात्री घालून बघा, त्याआधी दुपारी घालून बसा, वाका, आडवे व्हा. नुसती चड्डीवरून घालून बघितली असेल आणि साइज जमली नाही तर बदलून देतो, लघवी लागलेली किंवा धुतलेली परत घेत नाही, हे तुमच्या जागी दुसरा ग्राहक असता तरी तुम्हाला पटलं असतं. मेसेज करताना सीटचं माप, मांडीचं माप, आत काय घालता आणि कसे झोपता एवढं लिहा, नाव किंवा फोटो नको. दुसऱ्या कोणासाठी घेत असाल तर त्यांचं माप त्यांना विचारून घ्या, अंदाजाने नाही. खोक्यावर बाहेरून आत काय आहे ते लिहिलेलं नसतं.