पिपला मनाई झाली त्यामागची गोष्ट

डेबियन १२ या लिनक्सवर टर्मिनल उघडून पायथनचं पॅकेज उतरवायला थेट 'पिप इन्स्टॉल' केलं, की पॅकेजऐवजी नकार हाती येतो: 'एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट', म्हणजे इथलं पायथन बाहेरचं कुणी सांभाळतंय. हा नकार २०२३ सालचा, पण त्यामागचं भांडण बरंच जुनं आहे. या मशीनवरची फाइल नेमकी कुणी टाकली, आणि ती बदलायचा किंवा काढायचा हक्क कुणाचा, यावरून ते चालत आलंय.

सुरुवातीचा काळ भरभर सांगतो. सोर्स, म्हणजे प्रोग्रामचा मूळ कोड, उतरवायचा, कंपाइल करायचा, 'मेक इन्स्टॉल' म्हणायचं. फाइली चार डिरेक्टरींत जाऊन बसत आणि त्या कुठे गेल्या याची नोंद कुठेच राहत नसे. काढायची वेळ आली की हाताने शोधा. १९९४ मध्ये डेबियनचं डीपीकेजी आणि १९९५ मध्ये रेड हॅटचं आरपीएम हे पॅकेज मॅनेजर आले, तेव्हा पहिल्यांदा नोंदवही आली. आजही 'डीपीकेजी -एस' (एस कॅपिटल) ला फाइलचा पाथ दिला की ती कोणत्या पॅकेजची हे तो सांगतो. डिपेंडन्सी, म्हणजे पॅकेजला लागणारी इतर पॅकेजेस, मात्र तो नुसती मोजून दाखवायचा, आणायची तुम्हीच. एक आणायला जावं तर तिला आणखी दोन लागत. ती वणवण १९९९ मध्ये डेबियन २.१ सोबत आलेल्या, डिपेंडन्सी स्वतःच आणणाऱ्या अ‍ॅप्टनं थांबवली. आरपीएमच्या बाजूला पुढे यम आणि मग डीएनएफनं तेच काम केलं. इथवर हिशेब सोपा होता, कारण वहीत लिहिणारा हात एकच होता.

दुसरा हात प्रोग्रामिंग भाषांनी आणला. पायथनकडे २००४ मध्ये 'इझी इन्स्टॉल' आलं. इन्स्टॉल खरोखर इझी होतं, पण अनइन्स्टॉलची सोयच नव्हती. २००८ मध्ये पिप आलं आणि ती उणीव भरून निघाली. लोक पिपकडे वळले त्याला कारणही होतं. डेबियनच्या स्टेबल आवृत्तीत पॅकेजच्या आवृत्त्या गोठवलेल्या असतात. लायब्ररी, म्हणजे इतर प्रोग्रामांनी वापरायचा तयार कोड, दोन वर्षं जुनी मिळते. ज्याला कालचं नवं फीचर आज हवं, तो 'सुडो पिप इन्स्टॉल' लिहिणारच, म्हणजे मशीनच्या सर्वाधिकारी खात्यानं, 'रूट'नं, पिप चालवणारच. आपण सगळ्यांनीच ते लिहिलंय.

डेबियननं यावर एक तोडगा काढला होता. अ‍ॅप्टची पायथन पॅकेजेस 'यूएसआर' खालच्या 'डिस्ट-पॅकेजेस' मध्ये, आणि रूट म्हणून पिप चालवलं तर त्याची 'यूएसआर-लोकल' खालच्या वेगळ्या 'डिस्ट-पॅकेजेस' मध्ये. म्हणजे कुणी कुणाच्या फाइलवर लिहीत नाही. वरवर पाहता वाटणी चोख झाली. पण इम्पोर्ट करताना, म्हणजे लायब्ररी वापरायला उचलताना, पायथन आधी 'लोकल' मध्ये बघतो. अ‍ॅप्टनं आणलेलं एखादं टूल सुरू झालं, की ते स्वतःच्या डिपेंडन्सीऐवजी पिपनं आणलेली नवी लायब्ररी उचलतं. फाइल शाबूत, टूल बंद.

याचा नमुना एप्रिल २०१८ मध्ये दिसला. पिप १० मध्ये 'मेन' हे फंक्शन आतल्या मोड्यूलमध्ये हलवलं गेलं. ते आतल्या वापरासाठीच होतं, त्यामुळे हलवणाऱ्यांची तशी चूक नाही. पण डेबियनवरूनच बनलेल्या उबुंटूवर ज्यांनी पिपनंच पिप अपग्रेड केलं, त्यांच्याकडे 'पिप' ही छोटी स्क्रिप्ट अ‍ॅप्टची जुनीच राहिली आणि लायब्ररी नवी आली. स्क्रिप्ट 'मेन' मागायची, लायब्ररी म्हणायची असं काही नाही. इम्पोर्ट एरर. पिप अपग्रेड करा असा सल्ला पिप स्वतःच देत होतं, हे विशेष.

पायथनची आणखी एक अडचण आहे. जावास्क्रिप्टचं एनपीएम एकाच प्रोजेक्टमध्ये एका लायब्ररीच्या दोन आवृत्त्या शेजारी शेजारी ठेवू शकतं. पायथनमध्ये एका एन्व्हायर्नमेंटमध्ये एका नावाला साधारणपणे एकच आवृत्ती. नोव्हेंबर २०२० मध्ये पिप २०.३ सोबत नवा रिझॉल्व्हर, म्हणजे कोणत्या आवृत्त्या एकमेकींशी जुळतात ते ठरवणारा भाग, आला. त्याआधी पहिली भेटलेली अट पाळून बाकीच्यांकडे काणाडोळा व्हायचा. आता अटी जुळेनात तर तो मागे येऊन दुसरी आवृत्ती धरून बघतो. तरी आधीपासून इन्स्टॉल असलेल्या पॅकेजांच्या गरजा तो हिशेबात धरत नाही. मोडतोड झाली तर इन्स्टॉल झाल्यावर कळवतो.

अखेर २०२१ मध्ये प्रस्ताव आला: सिस्टिमच्या पायथनमध्ये एक खुणेची फाइल ठेवायची, ती दिसली की पिपनं थांबायचं. जानेवारी २०२३ च्या पिप २३.० नं ती खूण ओळखायला सुरुवात केली. एप्रिलमध्ये उबुंटू २३.०४ आणि जूनमध्ये डेबियन १२ यांनी ती लावली, आणि ओरड सुरू झाली.

अर्धी ओरड 'एक्स्टर्नली' या शब्दामुळे झाली असं माझं मत आहे. मशीन माझं, पासवर्ड माझा, मग हा बाहेरचा कोण? इथे 'बाहेरचा' हे पिपच्या नजरेतून आहे. पिपच्या दृष्टीनं अ‍ॅप्ट बाहेरचा. वापरणाऱ्याच्या दृष्टीनं मात्र अ‍ॅप्ट घरचा आणि पिप पाहुणा. 'हे पायथन अ‍ॅप्टच्या ताब्यात आहे' एवढं सरळ लिहिलं असतं तर निम्मे प्रश्न उद्भवले नसते. नकाराखाली व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (प्रोजेक्टपुरती पायथनची वेगळी जागा) किंवा पिपएक्स (प्रत्येक टूलला अशी वेगळी जागा देणारं) वापरा असा सल्ला असतो, पण तिथवर वाचतो कोण.

उरलेली अर्धी ओरड '--यूजर' वरून, म्हणजे फक्त आपल्या खात्यापुरतं इन्स्टॉल करायच्या पर्यायावरून. ही पॅकेजेस होम डिरेक्टरीत जातात, रूटला स्पर्शही नाही, मग तीही का अडवली? कारण तेच, इम्पोर्टचा क्रम. होममधलं पॅकेजही सिस्टिमच्या आधी शोधलं जातं, त्यामुळे तुमच्या खात्यातून चालवलेलं अ‍ॅप्टचं टूल त्यालाही अडखळतं. मला हे पटतं. कंटेनरवाल्यांची, म्हणजे प्रोग्राम वेगळ्या बंद डब्यात चालवणाऱ्यांची, तक्रार जास्त वजनदार आहे: आत एकच अ‍ॅप्लिकेशन, बिघडलं तर इमेज (डब्याचा साचा) पुन्हा बांधू, तिथे कसली राखण? पण त्यांच्यासाठी वाट आहेच.

ती वाट आधीच, फेब्रुवारी २०२३ मध्ये, पिप २३.०.१ नं दिली होती: आदेशाला जोडायचा एक फ्लॅग. त्याचं नाव मुद्दाम बोचरं ठेवलं: '--ब्रेक-सिस्टिम-पॅकेजेस'. लिहिताना हात थांबावा हा हेतू. हात थांबले नाहीत. लोकांनी तो कॉन्फिगमध्ये कायमचा घालून टाकला. काहींनी त्याहून सोपं केलं, खुणेची फाइलच उडवली. काही आठवड्यांनी अ‍ॅप्टनं पायथन अपडेट केलं आणि नकार पुन्हा हजर. ती फाइलही अ‍ॅप्टच्याच वहीतली होती.