कामावरील इजा, अपंगत्व आणि आजारपणाचे लाभ (खानदेश)

काम करताना किंवा कामापायी झालेली इजा, त्यातून आलेले तात्पुरते वा कायमचे अपंगत्व आणि आजारपणात बुडणारी मजुरी यांपोटी कामगाराला कायद्याने मिळणारे पैसे, उपचार व रजा. जळगाव, धुळे आणि नंदुरबार मिळून होणाऱ्या खानदेशात हा विषय एका कायद्यात मावत नाही. जळगाव एमआयडीसीतल्या चटई कारखान्याचा कामगार, भुसावळचा रेल्वे कर्मचारी, कापसाच्या जिनिंगवरचा हंगामी मजूर आणि चोपड्याच्या शिवारातला सालदार (वर्षाच्या ठरावावर राबणारा शेतमजूर) या चौघांना सारखीच जखम झाली, तरी त्यांचे अर्ज वेगवेगळ्या दारी जातात.

यातला सर्वांत जुना म्हणजे १९२३ चा कामगार नुकसानभरपाई कायदा. तो १ जुलै १९२४ पासून लागू झाला. २०१० मध्ये त्याच्या नावातला ‘कामगार’ जाऊन ‘कर्मचारी’ आला आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून तो सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये विलीन झाला. गाभा मात्र तोच राहिला. चूक कोणाची, हे भरपाईसाठी सहसा पाहिले जात नाही. ‘त्यानेच हात घातला’ हा मालकांचा आवडता बचाव. पण साध्या निष्काळजीपणाने हक्क जात नाही. नशेत असणे किंवा यंत्राची जाळी मुद्दाम काढणे हे अपवाद आहेत. मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आले असेल, तर तेही चालत नाहीत.

भरपाईचा हिशेब वय आणि मजुरीवरून होतो. मृत्यू झाल्यास महिन्याच्या मजुरीचे ५० टक्के, कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास ६० टक्के धरून त्याला वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणतात. ३ जानेवारी २०२० च्या अधिसूचनेनुसार यासाठी जास्तीत जास्त १५,००० रुपये मजुरी धरली जाते. समजा, १२,००० रुपये महिना मिळवणाऱ्या ३० वर्षांच्या मजुराचा अंगठा यंत्रात तुटला. ३० वर्षांचा गुणक २०७.९८, म्हणून पूर्ण अपंगत्वाची रक्कम १४,९७,४५६ रुपये येते. अंगठा गेल्यास कमाईची क्षमता ३० टक्के घटली असे कायद्याचे परिशिष्टच सांगते. त्यामुळे त्याचा हक्क सुमारे साडेचार लाखांचा. एवढ्या रकमेचा हक्क दवाखान्याचे बिल आणि वर थोडे पैसे देऊन मिटवला जातो, कारण हा आकडा मजुराला कोणी सांगितलेला नसतो. दावा सोडल्याचा कागद लिहून घेतला तरी कायदा तो मानत नाही. महिनाभरात रक्कम दिली नाही, तर १२ टक्के व्याज लागते आणि सबळ कारण नसेल तर निम्म्यापर्यंत दंडही बसतो. मृत्यूची रक्कम घरच्यांच्या हातात परस्पर देता येत नाही, ती या कायद्याखालच्या भरपाई आयुक्ताकडे भरावी लागते. दाव्याची मुदत दोन वर्षांची आहे.

दावे पडतात ते बहुतेक कागदावर. जखमीला दवाखान्यात नेणारा मुकादम केसपेपरवर ‘घरी पडून’ असे लिहवून घेतो आणि पुढे तो एक शब्द खोडताना नाकी नऊ येतात. मुकादमाच्या हाताखालच्या मजुराचे नाव हजेरीपत्रकात नसते, हीदेखील नेहमीची अडचण. मात्र ठेकेदाराच्या माणसाची जबाबदारी मूळ मालकावरही येते, आणि कधीमधी कामावर घेतलेल्या मजुराला वगळणारे शब्द २००० च्या दुरुस्तीने काढून टाकले आहेत. कापसाच्या धुळीने होणारा फुप्फुसाचा आजार व्यावसायिक रोगांच्या यादीत आहे. जिनिंगमधल्या मजुराचा खोकला त्या यादीपर्यंत पोहोचवायला मात्र डॉक्टरची तशी नोंद लागते.

दहा किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेत २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्यांना कर्मचारी राज्य विमा म्हणजे ईएसआय लागू होतो. कामगाराचे ०.७५ टक्के आणि मालकाचे ३.२५ टक्के कापले जातात. आजारपणात वेतनाच्या ७० टक्के दराने वर्षाला ९१ दिवस पैसे मिळतात; त्यासाठी आधीच्या सहा महिन्यांच्या वर्गणी-काळात ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते. कामावरच्या इजेला ही अट नाही. कामावर रुजू होताच अपघात झाला, तरी तात्पुरत्या अपंगत्वात ९० टक्के वेतन मिळते. ईएसआयचा लाभ असेल, तर त्याच इजेसाठी मालकाकडून वेगळी भरपाई मागता येत नाही.

रजेच्या बाबतीत खासगी कामगाराची बाजू लंगडी आहे. १९४८ च्या कारखाने कायद्यात वीस दिवसांच्या कामामागे एक भरपगारी रजा होती. आजारपणाची वेगळी रजा नव्हती. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात आठ नैमित्तिक रजा आहेत. राज्य सरकारी कर्मचाऱ्याला वर्षाला २० दिवस अर्धवेतनी रजा मिळते आणि वैद्यकीय दाखल्यावर ती परिवर्तित करून पूर्ण पगारावर घेता येते.

नोकरीत असताना अपंगत्व आले, म्हणून सरकारी कर्मचाऱ्याला काढता येत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार त्याला त्याच वेतनश्रेणीत दुसरे काम द्यावे लागते, जागा नसेल तर अधिसंख्य म्हणजे मंजूर जागांहून जास्तीचे पद निर्माण करावे लागते. भुसावळसारख्या रेल्वेच्या गावात हे घरोघरी ठाऊक असते. नजरेच्या तपासणीत नापास झालेला चालक गाडीवरून उतरून कार्यालयीन कामावर जातो.

सालदाराचा हक्क मात्र गावात फारसा कोणाला माहीत नसतो. ट्रॅक्टरवर किंवा विजेच्या अथवा इंजिनाच्या यंत्रावर शेतीकाम करणारा माणूस भरपाई कायद्याच्या यादीत आहे. विहिरीचे खोदकाम करणाराही आहे. त्यामुळे मोटारीवरच्या कडबाकुट्टीत हात गेलेला सालदार मालकाकडे भरपाई मागू शकतो. अपघात झाला की गावात सहसा गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेचे नाव निघते. तिच्यात मृत्यू झाल्यास दोन लाख मिळतात. पण ती सातबाऱ्यावर नाव असलेला शेतकरी आणि त्याच्या घरातल्या एका माणसासाठी आहे. भूमिहीन सालदार तिच्यात बसत नाही.