चंदेरीचं नाव राखायचं कोणी?

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, महाराज बाड्याच्या बाजारात बस्ता बांधायला गेलं की गादीवरून हमखास ऐकू येतं, “ही बघा, चंदेरी टाईप.” साडी दिसायला तशीच, किंमत निम्म्याहून कमी, आणि बिलावर फक्त ‘फॅन्सी साडी’. ‘टाईप’ या एका शब्दामागे शंभराहून अधिक वर्षांच्या कायद्यांचा इतिहास आहे.

चंदेरी गाव जुन्या ग्वाल्हेर संस्थानातलं, आज अशोकनगर जिल्ह्यात. मूळ कापड निव्वळ सुती. शिंदे सरकारने 1910 मध्ये तिथे विणकामाचं प्रशिक्षण केंद्र काढलं. रेशमी ताणा, म्हणजे उभे धागे, त्यानंतरच्या काळात आला. दरबार हाच मोठा गिऱ्हाईक होता, त्यामुळे नाव राखायला वेगळा कायदा लागला नाही. पलीकडे ब्रिटिश हिंदुस्थानात 1889 चा मर्चंडाइज मार्क्स कायदा होता. मालाचं खोटं वर्णन करणं, मूळ ठिकाण खोटं सांगणं हा त्यात गुन्हा होता, आणि गिरणीच्या ताग्यावर लांबीचा शिक्का सक्तीचा होता. संस्थानांत मात्र हे कायदे आपोआप लागू नव्हते.

स्वातंत्र्यानंतर 1958 चा ट्रेड मार्क कायदा आला. तो व्यापाऱ्याच्या चिन्हाचा कायदा. गावाचं नाव एकट्याला मिळत नाही हे बरोबरच, पण अख्ख्या गावाला ते मिळवण्याची सरळ वाट त्यात नव्हती. 1985 मध्ये हातमागासाठी काही वस्तू राखून ठेवणारा कायदा झाला. जादा दोऱ्याने नक्षी काढलेल्या सुती-रेशमी साड्या त्यात आल्या. यादीत सुरुवातीला 22 वस्तू होत्या, आता 11 आहेत. हा कायदा माग बघतो, गाव बघत नाही.

खरी जाग 1990 नंतर आली. हळदीच्या जखम भरण्याच्या गुणावर अमेरिकेत 1995 मध्ये पेटंट दिलं गेलं आणि वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने जुने पुरावे मांडून 1997 मध्ये ते रद्द करवलं. त्याच वर्षी तिथेच बासमतीवर पेटंट निघालं. पेटंट वेगळं, नाव वेगळं. पण आपलं नाव आधी घरच्या कायद्यात राखावं लागतं, हे बासमतीने शिकवलं. जागतिक व्यापार कराराची अटही होतीच. म्हणून 1999 चा भौगोलिक निर्देशांकाचा, म्हणजे जीआयचा, कायदा झाला. ठरावीक गावच्या मालाला त्या गावाचं नाव राखून ठेवणारी ही नोंदणी. 15 सप्टेंबर 2003 ला तो लागू झाला आणि 2005 मध्ये चंदेरीची नोंदणी झाली.

नोंदणी दहा वर्षांची, पुढे नूतनीकरण. नाव नोंदवणाऱ्या संस्थेशिवाय प्रत्येक विणकराला ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून स्वतंत्र अर्ज करावा लागतो. त्याची फी 2020 मध्ये 500 रुपयांवरून 10 रुपये झाली, हे चांगलं झालं. पण नोंदणीने नाव मिळतं, नक्षी नाही. अशरफी बुट्टी शतकापूर्वीची असेल तर डिझाइन कायद्यात ती बसत नाही, कारण तिथे नक्षी नवी असावी लागते.

नक्कल ओळखायची तर साडी उलटी करा. अस्सल चंदेरीत प्रत्येक बुट्टीला वेगळी छोटी कांडी असते. दोरा बुट्टीपुरता फिरतो आणि तिथेच थांबतो. यंत्रमागावर जादा दोरा पन्ह्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जातो आणि मधला भाग मागून कापतात. बोट फिरवलं की बुट्टीच्या कडेला कापलेली टोकं लागतात. अस्सल साडीच्या रेशमाचा नैसर्गिक डिंक काढलेला नसतो, म्हणून ती पारदर्शक आणि किंचित कडक. त्यामुळेच एकाच घडीत वर्षभर ठेवली तर घडीवर विरते. सुटा धागा जाळला तर रेशमाला जळक्या केसांचा वास येतो आणि राख चुरते. पॉलिस्टरचा कडक मणी होतो. मात्र जाळण्याने फक्त रेशीम कळतं, हातमाग कळत नाही.

जीआयचं नाव खोटं लावण्याच्या गुन्ह्याची शिक्षा कमी नाही : सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि 50 हजार ते दोन लाख रुपये दंड. अडतं दुसरीकडे. झडती पोलीस उपअधीक्षक किंवा वरच्या अधिकाऱ्यानेच घ्यायची, आणि त्याआधी जीआय नोंदणीच्या निबंधकाचं मत मागायचं. जीआयची नोंदणी कचेरी चेन्नईला. मत येईपर्यंत सणासुदीचा माल विकून संपतो. दिवाणी दावा लावायचा तर जिल्हा न्यायालयात, आणि खर्च मागावर बसणाऱ्या माणसाने करायचा. हे त्याच्याच्याने होणारं काम नाही. ते सरकारने अंगावर घ्यायला हवं. निबंधकाच्या मताला दिवसांची मुदत हवी आणि तक्रार गुदरण्याचं काम हातमाग खात्याकडे हवं.

आणि ‘टाईप’चं काय? त्यालाही कायद्यात उत्तर आहे. कलम 22 खाली केंद्र सरकार अधिसूचना काढून ठरावीक मालाला जादा संरक्षण देऊ शकतं. मग ‘प्रकारची’, ‘धर्तीची’, ‘नक्कल’ असे शब्द जोडून नाव वापरणंही उल्लंघन ठरतं. हातमागाच्या नोंदणीकृत कापडांसाठी ही अधिसूचना निघावी, ही मागणी ग्वाल्हेरच्या व्यापाऱ्यांनी आणि गिऱ्हाइकांनीही लावून धरावी.

तोपर्यंत बिलावर ‘चंदेरी, हातमाग, रेशमी ताणा’ असं लिहून मागावं. बिलावर लिहिलेलं नाव कायद्याच्या नजरेत मालावर लावलेलंच नाव असतं, आणि खोटं निघालं तर तोच कागद पुरावा म्हणून हातात राहतो.