40 गुणांच्या भूगोलामागची मोजणी

दहावीला भूगोलाची लेखी परीक्षा 40 गुणांची. त्यामुळे भूगोल म्हणजे परीक्षेच्या आदल्या दिवशी उरकायचा विषय, ही समजूत घरोघरी रुजली आहे. निकालानंतर एखाद्या मुलीनं ‘मला भूगोल आवडतो’ म्हटलं, की पुढचा प्रश्न ठरलेला: ‘त्यात करणार काय, शिक्षिका होणार?’ याचं उत्तर द्यायचं तर हा विषय आपल्याकडे कुठून आला, ते आधी पाहायला हवं.

आपल्याकडे आधुनिक भूगोल वर्गात येण्याआधी शिवारात आला. भारतीय सर्वेक्षण खात्याची सुरुवात 1767 सालची. ईस्ट इंडिया कंपनीला सारा वसूल करायचा होता, फौजा हलवायच्या होत्या आणि त्यासाठी नकाशे हवे होते. 1802 साली विल्यम लॅम्ब्टन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यानं मद्रासजवळ सुमारे साडेसात मैलांची एक सरळ रेषा पोलादी साखळीनं मोजली. त्या एका रेषेच्या दोन्ही टोकांवरून तिसऱ्या ठिकाणाचे कोन घ्यायचे, त्रिकोणमितीनं उरलेल्या दोन बाजू काढायच्या, मग त्या बाजूंवर पुढचे त्रिकोण रचायचे. असं करत ही त्रिकोणांची साखळी दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत गेली. लॅम्ब्टन 1823 साली कामावर असतानाच वारला, तो वर्ध्याजवळच्या हिंगणघाटला. त्याची कबर तिथेच आहे. विदर्भातल्या भूगोलाच्या शिक्षकांनी मुलांना एकदा तरी तिथे न्यावं, असं मला फार वाटतं.

पुढे सर्वेक्षण खात्याचा प्रमुख जॉर्ज एव्हरेस्टच्या काळात, 1831 साली, कलकत्त्याच्या हिंदू कॉलेजातला राधानाथ सिकदार हा तरुण या कामात गणक म्हणून लागला. हिमालयातल्या ‘शिखर 15’ची वेगवेगळ्या ठिकाणांहून घेतलेली निरीक्षणं गणिताला लावून ते जगातलं सर्वांत उंच शिखर असल्याचं 1852 साली काढलं, ते त्यानं. 29,002 फूट ही उंची 1856 साली जाहीर झाली. नाव मात्र एव्हरेस्टचं लागलं.

नैनसिंह रावत यांची गोष्ट तर प्रत्येक शाळेत सांगायला हवी. ते कुमाऊंतल्या जोहार खोऱ्यातले शाळामास्तर. तिबेटात गोऱ्या माणसाला प्रवेश नव्हता, म्हणून सर्वेक्षण खात्यानं त्यांना यात्रेकरूच्या वेशात पाठवलं. मैलाला 2,000 पावलं पडतील असं ठरीव पाऊल त्यांनी अंगवळणी पाडलं होतं. जपमाळेत 108 ऐवजी 100 मणी, दर शंभर पावलांना एक मणी. टिपणं प्रार्थनाचक्रात लपवलेली. पाणी किती अंशाला उकळतं, त्यावरून ठिकाणाची उंची काढायची. 1866 साली ते ल्हासाला पोहोचले, आणि त्यांच्या मोजणीमुळे ल्हासाचं स्थान आणि उंची जगाच्या नकाशावर नीट आली. 1877 साली लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीनं त्यांना सुवर्णपदक दिलं.

त्याच शतकात मराठी शाळांत भूगोल शिरला. बाळशास्त्री जांभेकरांनी मराठीत भूगोलविद्येवर लिहिलं. मुंबईत 1830च्या दशकाच्या सुरुवातीला भूगोलाची स्वतंत्र सोसायटी निघाली, ती 1873 साली एशियाटिक सोसायटीत विलीन झाली. कॅम्पबेल या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या संपादनाखाली जिल्हावार गॅझेटियर, म्हणजे माहितीग्रंथ, निघाले. त्यांत नद्या, घाट, पिकं, बाजार, जाती, वाटा असं सगळं होतं. पण मोजण्याचं काम सरकारी खात्यांकडे राहिलं आणि शाळेच्या वाट्याला आली ती नावं. भूशिरं, आखातं, राजधान्या, कुठं काय पिकतं. माझ्या मते या विषयाचं खरं नुकसान या फाळणीनं केलं. ज्या विद्येचा पाया कोन, अंतर, उंची आणि पायपीट, तिचं शाळेत पाठांतर झालं.

स्वातंत्र्यानंतरही ही दरी लवकर बुजली नाही, आणि त्याला नकाशांवरची बंधनं हेही एक कारण होतं. सीमाभाग आणि किनारपट्टीचे तपशीलवार नकाशे सामान्य माणसाला सहज मिळत नसत. 2005च्या नकाशा धोरणानं दार थोडं उघडलं. 2017 साली सर्वेक्षण खात्याला 250 वर्षं झाली, तेव्हा स्थलदर्शक नकाशे संकेतस्थळावरून मोफत उतरवून घ्यायची सोय झाली. फेब्रुवारी 2021 मध्ये भारतीय कंपन्यांना नकाशे आणि भूस्थानिक माहिती तयार करायला पूर्वपरवानगीची अट काढून टाकली गेली. आज या क्षेत्रात जी कामं दिसतात, त्यांतली बरीच या बदलांच्या आधारानं वाढली आहेत.

महाराष्ट्रात भूगोलाला विद्यापीठीय वजन मिळवून देणाऱ्यांत प्रा. सी. डी. देशपांडे यांचं नाव आधी घ्यावं लागतं. पश्चिम भारताच्या प्रादेशिक भूगोलावरचं त्यांचं पुस्तक 1948 सालचं. 14 जानेवारी हा त्यांचा जन्मदिवस आपल्या शाळा-महाविद्यालयांत ‘भूगोल दिन’ म्हणून साजरा होतो.

आता ‘पुढे काय’कडे येऊ. इथे मुलांना खोटी आशा दाखवू नये. हवामानशास्त्रज्ञ व्हायचं असेल तर भौतिकशास्त्र आणि गणित लागतं. हवामान खातं 1875चं, आणि 1928 साली त्याचं मुख्यालय सिमल्याहून पुण्याला आलं (पुणेकरांचं ‘सिमला ऑफिस’ ते हेच). तिथली वाट विज्ञान शाखेतून जाते. भूजल सर्वेक्षणात जायचं तर भूविज्ञान हवं. भूगोलाची स्वतःची वाट अशी आहे: अकरावी-बारावीला भूगोल घेता येतो आणि त्यात 20 गुणांचं प्रात्यक्षिक असतं. ते मनापासून केलं तर नकाशावाचन पक्कं होतं. पुढे पदवी, मग भूमाहितीशास्त्रात (उपग्रह आणि संगणकाच्या मदतीनं नकाशे करण्याच्या शास्त्रात) एम.एस्सी.; सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या भूगोल विभागात हा अभ्यासक्रम आहे. नगररचनेच्या पदव्युत्तर शिक्षणालाही अनेक ठिकाणी भूगोलात एम.ए. झालेल्यांना प्रवेश मिळतो. स्पर्धा परीक्षांचं तर सगळ्यांना ठाऊकच आहे.

या माणसांची गरज किती खरी आहे, ते सह्याद्रीच्या पायथ्याशी कळतं. 30 जुलै 2014 ला आंबेगाव तालुक्यातलं माळीण दरडीखाली गेलं आणि दीडशेच्या आसपास माणसं गेली. 2021 साली महाडजवळचं तळिये, 2023 साली खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी. उतार किती, माती किती जाड, पाणी कुठून वाहतं, वरची जमीन कशासाठी सपाट केली, हे सगळं एकमेकांवर ठेवून पाहणारा नकाशा प्रत्येक डोंगरी तालुक्यासाठी हवा आहे. तो करायला उपग्रहाची चित्रं वाचणारं माणूस लागतं आणि डोंगर पायाखाली घातलेलंही. शाळेत समोच्च रेषा (नकाशावर सारख्या उंचीची ठिकाणं जोडणाऱ्या रेषा) जवळ-जवळ आल्या की तीव्र उतार, असं जे शिकवतात, त्याचंच हे पुढचं काम.

ज्यांना लांबचं शिक्षण परवडत नाही, त्यांच्यासाठीही एक रस्ता आहे आणि त्याबद्दल शाळेत क्वचितच बोललं जातं. दहावीनंतर आयटीआयमध्ये सर्वेक्षकाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम करता येतो. भूमी अभिलेख विभागाच्या भूकरमापक, म्हणजे जमीन मोजणाऱ्या कर्मचाऱ्याच्या, पदासाठी हे प्रमाणपत्र चालतं. 2020 साली सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत गावठाणांची ड्रोननं मोजणी होऊन घराघराला मालमत्ता पत्रक मिळू लागलं आहे. शेताच्या मोजणीला आता साखळीऐवजी रोव्हर, म्हणजे उपग्रहांच्या संकेतांवरून जागेचं नेमकं स्थान सांगणारं यंत्र, येतो. पण बांधावर दोन भाऊ समोरासमोर उभे असतात, तेव्हा यंत्रातला आकडा गाव नकाशावरच्या रेषेशी ताडून त्यांना समजेल असं सांगायचं काम भूकरमापकालाच करावं लागतं.